कॉफीला उकळी सोसत नाही

चहा खळखळून उकळल्याशिवाय सातारा-सांगलीकडं तो चहाच नव्हे, आणि कॉफी म्हणजे दुधातली इन्स्टंट पावडर, वर किसलेलं जायफळ. याच सवयीच्या हातानं कुणी हौसेनं तुर्की कॉफी करायला घेतली की ती कडूजहर होते. दोष त्या कॉफीचा नाही. २०१३ पासून तिची परंपरा युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

कडूपणाचं खापर आपण कॅफीनवर फोडतो. म्युनिकचे अन्न-रसायनशास्त्रज्ञ थॉमस हॉफमन यांच्या गटानं २००७ मध्ये सांगितलं, की त्यात कॅफीनचा वाटा जेमतेम १५ टक्के. बाकीचा कडूपणा भाजताना जन्मतो. बियांतल्या क्लोरोजेनिक आम्लांपासून आधी लॅक्टोन बनतात. त्यांचा कडूपणा सुसह्य असतो. बी काळीकुट्ट होईस्तोवर भाजली, की त्यांचीच फेनिलइंडेन होतात. जिभेवर रेंगाळणारी जहाल चव ती हीच. तेव्हा मध्यम भाजलेली अरेबिका घ्या. रोबस्टात कॅफीन आणि क्लोरोजेनिक आम्लं, दोन्ही जास्त. चिकोरी मिसळलेलं पाकीट तर नकोच.

उरलेलं काम शेगडीवरचं. तुर्की कॉफीची पूड मैद्यासारखी बारीक असते, त्यामुळं तिच्यातला अर्क पाण्यात झपाट्यानं उतरतो. आंबट-गोड आधी येतं, कडू मागाहून. म्हणून रेंगाळायचं नाही.

जेझवे हे तुर्की कॉफीचं भांडं नसेल तर फोडणीचं लांब दांड्याचं कढलं चालेल, पण स्टीलचं आणि मोहरीचा वास न लागलेलं. तोंड पसरट असल्यानं फेस जरा पातळ येईल, इतकंच. ७ ग्रॅम पूड, ७० मिली गार पाणी, हवी तर साखर. सगळं सुरुवातीलाच ढवळून मंद आचेवर ठेवा. थोड्या वेळानं कडेकडेनं तपकिरी फेस वर चढतो, मध्ये खळगा राहतो. तो बुजायच्या आत भांडं उतरवा. थर्मामीटरपेक्षा फेस भरवशाचा. उकळीचं तापमान गावागणिक बदलतं: सांगलीत पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ लाच.

तरी कडू लागली तर मिठाचे दोन-चार कण टाका. कारल्याला मीठ लावतो ते रस काढायला. इथं सोडियम जिभेवरच कडू चव दाबतं. गोडवाही त्यामुळं उठून दिसतो.

कपात ओतल्यावर दोन मिनिटं थांबा, गाळ बसू द्या आणि चमचा अजिबात घालू नका. तळाचा गाळ प्यायचा नसतो.