हद्द आली, शुद्ध पाणी राहिले
शहराचे आरोग्य : लेखांक ६

मागच्या लेखांकात १८९७ च्या प्लेगमध्ये सरकार पुणेकरांच्या घरात कसे शिरले ते पाहिले. आज उलट बाजू पाहू. जिथे सरकारने पोहोचायलाच हवे, तिथे ते वेळेत पोहोचत नाही तेव्हा काय होते?

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरातून गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांतले बळ जाते. श्वासाचे स्नायू लुळे पडले तर व्हेंटिलेटर लावावा लागतो. पुणे आणि परिसरातील रुग्णसंख्या दोनशेच्या आसपास गेली, काही जण दगावले. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून तो पोटात जातो. आधी जुलाब होतात आणि काही दिवसांनी, क्वचित एखाद्याला, जीबीएस गाठतो.

रुग्णांची दाटी होती नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात. यांतली बरीच गावे खडकवासला धरणाच्या अगदी जवळ आहेत. त्या धरणाचे पाणी पर्वतीच्या जलकेंद्रात शुद्ध होऊन पेठांतल्या नळांना येते. धरणाशेजारच्या या गावांतील अनेक घरांना मात्र विहिरीचे पाणी मिळत होते. ते गाळून शुद्ध करणारे केंद्र नव्हते, भिस्त होती ती क्लोरीनवर. धायरी २०१७ मध्ये, तर नांदेड, किरकटवाडी, नांदोशी आणि खडकवासला २०२१ मध्ये महापालिकेत आली. गावे कागदावर शहर झाली, इमारती उभ्या राहिल्या. शुद्ध पाण्याची व्यवस्था मागे राहिली.

मग उपचारांचा प्रश्न आला. जीबीएसवर दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनच्या एकेका इंजेक्शनला हजारो रुपये पडतात आणि पूर्ण उपचारांचा खर्च लाखांत जातो. महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचार जाहीर केले, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही होती. ही मदत आवश्यकच होती. पण ती माणूस आजारी पडल्यावर मिळते. तो आजारी पडू नये यासाठी लागणारा खर्च आधीच्या अंदाजपत्रकांत व्हायला हवा होता.

हे केवळ हद्दीवरच्या गावांचे दुखणे नाही. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये आयसर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि इतर संस्थांनी महापालिकेसह पाच प्रभागांत रक्तचाचणी करून करोनाची प्रतिपिंडे किती जणांत आहेत ते तपासले. एकूण प्रमाण ५१.५ टक्के निघाले; लोहियानगर-कासेवाडीत ते ६५.४ टक्के होते. सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत ६२.३ टक्के, तर घरात स्वतंत्र शौचालय असणाऱ्यांत ४५.३ टक्के. विषाणू सगळ्यांसाठी एकच होता आणि महापालिकाही एकच. फरक होता तो दाटीचा, जागेचा आणि शौचालयाचा. या गोष्टी नशिबाने ठरत नाहीत. झोपडपट्टी पुनर्वसन, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण यांवरच्या निर्णयांतून त्या ठरतात.

आरोग्यातली विषमता मोजायला आपण रुग्णालयाच्या दारात उभे राहतो. ती त्याआधीच नळावर आणि शौचालयाच्या रांगेत तयार झालेली असते. म्हणून मागण्याही तिथल्याच हव्यात. प्रत्येक प्रभागातील पाणीतपासणीचे निकाल दर आठवड्याला जाहीर व्हावेत. जुलाब, कावीळ यांच्या रुग्णांची नोंद खासगी दवाखान्यांकडूनही प्रभागवार घ्यावी, म्हणजे साथ पसरण्याआधी लक्षात येईल. आणि नवे गाव हद्दीत घेताना त्याच्या जलशुद्धीकरणाचा आराखडा, निधी आणि मुदत त्याच ठरावात लिहिलेली असावी. या तीन गोष्टी येत्या अंदाजपत्रकात आहेत का, हे आपल्या नगरसेवकाला विचारणे हा प्रत्येक पुणेकराचा हक्क आहे.

(पुढील लेखांक : धर्मादाय रुग्णालयांतील गरिबांसाठी राखीव खाटा)