निळ्या शिडाचे संस्थान

पावसाळी वारा जोर धरू लागला म्हणजे जुहूच्या नि गिरगावच्या वाळूत, भरतीरेषेच्या लगत, जे निळसर फुगीर जीव विखुरलेले आढळतात आणि ज्यांना मुंबईकर ‘ब्लू बॉटल’ म्हणून ओळखतात, त्यांची गणना सर्रास जेलीफिशमध्ये होत असली, तरी प्राणिशास्त्राच्या दप्तरी त्यांची नोंद निराळ्या सदराखाली आहे. लिनीअसने १७५८ साली वर्णिलेला हा फायसेलिया एक प्राणी नव्हे. तो अनेक जीवांचा संघ आहे.

त्याचे रूप प्रथम पाहावे. मोठ्या अटलांटिकवासी नमुन्यांत सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा भरणारा त्याचा फुगा पारदर्शक, निळ्या-जांभळ्या वर्णाचा असून त्याच्या माथ्यावर चुण्यांचा तुरा असतो आणि त्या तुऱ्याच्या कडेवर गुलाबी छटा उमटलेली दिसते. फुग्यातील वायूत कार्बन मोनॉक्साइडचाही अंश असतो, आणि तो तेथील ग्रंथीच निर्माण करते. खाली लोंबणारे तंतू सामान्यतः १० मीटरपर्यंत, क्वचित ३० मीटरपर्यंत पोहोचतात. त्यांवर मण्यांच्या सरीप्रमाणे ओवलेल्या गाठींतून असंख्य दंशपेशी दडलेल्या असतात.

या देहातील खातेवाटप मोठे काटेकोर आहे. फुगा तरंगतो, पण त्याला तोंड नाही. तंतुधारी घटक भक्ष्य पकडतात, पण त्यांना ते पचवता येत नाही. पचनाची कामगिरी दुसऱ्यांकडे, तर प्रजोत्पादनाची तिसऱ्यांकडे. हे सारे घटक एकाच फलित अंड्यातून अंकुरलेले, आणि कोणीही स्वतंत्रपणे जगण्यास समर्थ नाही. ‘रॅटलस्नेक’ जहाजावरील सफरीत (१८४६–५०) टॉमस हक्सलीने अशा जीवांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १८५९ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे मोल मला आजही थोर वाटते. कारण व्यक्ती कोणास म्हणावे, हा गहन प्रश्न इतक्या मूर्त स्वरूपात क्वचितच समोर येतो.

शिडाचीही एक तजवीज आहे. काही फायसेलियांचा तुरा डावीकडे, तर काहींचा उजवीकडे कललेला असतो, त्यामुळे एकाच वाऱ्यात त्यांची रवानगी दोन दिशांना होते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने तर, आजवर एकच मानल्या गेलेल्या या जीवाच्या चार जाती निश्चित केल्या आहेत.

याच्या विषाने वैद्यकाला एक वळण दिले. १९०१ साली मोनॅकोच्या प्रिन्स आल्बेरच्या नौकेवर शार्ल रिशे व पोल पोर्तिए यांनी त्या विषाचा अभ्यास आरंभला. परतल्यावर समुद्रपुष्पाच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर करताना १९०२ साली ‘ॲनाफिलॅक्सिस’ ही तीव्र प्रतिक्रिया त्यांच्या ध्यानी आली, आणि त्या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेलेल्या, वाळूत पडलेल्या फायसेलियाच्या तंतूंतही दंश करण्याची शक्ती शिल्लक असते. म्हणून वाचकहो, पावसाळ्यात चौपाटीवर मुलांना नेताना या निळ्या फुग्यांचे रूप त्यांना अवश्य दाखवा, परंतु दुरून. आणि दंश झालाच, तर ती जागा चोळू नका, तंतूंना उघड्या हाताने स्पर्श करू नका, आणि श्वास लागल्यास तत्काळ डॉक्टर गाठा.