पाचशे मीटरचे वर्तुळ

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाचे धुळ्याचे हेलपाटे वाचले. आता तो एसटीने सातपुडा उतरतो, तापी ओलांडतो आणि नंदुरबारला पोचतो. पण जिल्हाधिकारी कार्यालय आहे टोकर तलाव रस्त्यावर, जुन्या गावापासून दूर. सगळा डोंगर एका तिकिटात पार झाला, तरी कामाचा शेवटचा टप्पा उरतोच.

गाव वाढले की बसगाड्याही वाढतील, असे आपल्याला वाटते. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार शहराची लोकसंख्या १ लाख ११ हजारांच्या घरात होती. मात्र बसच्या दृष्टीने एकूण माणसे किती यापेक्षा थांब्याजवळ किती, हे महत्त्वाचे. आठवी-नववीच्या मुलांना हा हिशेब सहज जमेल.

माणूस ताशी ४ किलोमीटर वेगाने चालतो असे धरा. ५०० मीटरला साडेसात मिनिटे लागतात. बससाठी याहून जास्त कोण चालणार? तेव्हा थांबा केंद्र मानून ५०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढू. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ हेक्टर. दाट वस्तीत हेक्टरी २०० माणसे राहतात असे समजा, म्हणजे वर्तुळात १५,७००. दहातला एक जण रोज बसने जातो, हा मार्गाचा पहिलाच थांबा आहे आणि एका बसमध्ये ४० जण बसतात, असेही धरू. १,५७० प्रवाशांसाठी ३९ फेऱ्या लागतील. चौदा तासांत त्या वाटल्या तर साधारण २१ मिनिटांनी एक बस.

आता गावाबाहेरचे विरळ प्लॉट घ्या. हेक्टरी ४० माणसे. बाकी सारे तेच ठेवले तर फेऱ्या भरतात जेमतेम आठ, म्हणजे पावणेदोन तासांनी एक बस! इतका वेळ कोण थांबेल? ज्याला शक्य आहे तो हप्त्यावर मोटारसायकल घेतो. मग दहातला एकही उरत नाही, आणखी दोन फेऱ्या बंद होतात. मागे राहतात ते म्हातारे, शाळकरी मुली आणि परगावाहून आलेला आपला धडगावकर. (आकडे मानलेले आहेत. आपल्या गावाचे घालून पाहावेत.)

या हिशेबात एक लबाडी आहे, ती एखादा विद्यार्थी नक्की पकडेल. आपण कावळ्यासारखे सरळ जात नाही! जुन्या गावात गल्लीबोळ एकमेकांना मिळतात. नव्या लेआउटचा रस्ता पुष्कळदा शेजारच्या कुंपणाशीच संपतो आणि वळसा पडतो. समजा, ३५० मीटरवरच्या घरी जायला ५०० मीटर चालावे लागते, म्हणजे सुमारे १.४ पट. मग खरी त्रिज्या ३५० मीटरच, आणि क्षेत्रफळ ३८.५ हेक्टर. त्रिज्येचा वर्ग होत असल्याने वळसा १.४ पट झाला की माणसे निम्मी होतात. एक कुंपण किती बसफेऱ्या खाते पाहा.

आणि खानदेशचे ऊन? मे महिन्यात सकाळी सव्वानऊच्या सुमारास नंदुरबारला काठीची सावली काठीएवढी पडते. दक्षिणोत्तर जाणाऱ्या ४ मीटर रुंद गल्लीत पूर्वेला ७ मीटर उंच घर असेल तर सगळी गल्ली सावलीत. १८ मीटरच्या रस्त्यावर मात्र ११ मीटर ऊन, तेही घर रस्त्याला लागून असेल तरच. दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा गल्लीचाही उपयोग नाही. तिथे झाडच हवे.

वर्गात एवढे करून पाहा. गावाच्या नकाशावर शाळेच्या जागी टाचणी टोचा. प्रत्येकाच्या घराचे सरळ अंतर पट्टीने मोजा. चालण्याचे अंतर मुले पावलांनी मोजून आणतील, त्याआधी प्रत्येकाच्या शंभर पावलांचे मीटर करून घ्या. दुसऱ्या अंतराला पहिल्याने भागून उत्तरे फळ्यावर मांडा. १.४ च्या वर कोण निघाले आणि त्यांच्या वाटेत नेमके काय आडवे आले, ते त्यांनाच विचारा.