मैदानावरचे शिक्षक

मुलांनो, संध्याकाळी काशीमीरा नाक्यावर उभे राहिलात, तर अहमदाबादकडे जाणाऱ्या ट्रकांची लांबच लांब रांग दिसते. तेथून जरा आत वळलात, की इमारतींमधल्या मोकळ्या जागेत फुटबॉल खेळणारी मुले दिसतात. दोन विटा ठेवल्या, की झाला गोल! त्यांच्यापैकी कोणालाही विचारा, "मोठेपणी तू कोण होणार?" तो लगेच सांगेल, "फुटबॉलपटू!" उत्तर चांगलेच आहे. पण त्यापुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. खेळणे थांबल्यावर काय?

शिक्षक किंवा वकील साठीपर्यंत आपले काम करू शकतो. फुटबॉलपटूचे तसे नसते. नव्वद मिनिटांच्या सामन्यात त्याला आठ-दहा किलोमीटर धावावे लागते. पस्तिशीच्या आसपास पाय थकू लागतात. मोठी दुखापत झाली, तर त्याआधीच खेळ सुटतो. नामवंत खेळाडूंच्या गाठीशी पैसा असतो. पण बहुतेक खेळाडू नामवंत नसतात. आज या क्लबात, उद्या त्या क्लबात असे ते मन लावून खेळतात. त्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रात क्वचितच छापून येते. खेळ थांबतो, तेव्हा अर्धे आयुष्य पुढे उभे असते आणि घरही चालवायचे असते.

अशा वेळी काही खेळाडू प्रशिक्षक होतात. गोव्याचे बिबियानो फर्नांडिस हे त्यांपैकी एक. ते पूर्वी गोव्यातील क्लबांकडून व्यावसायिक फुटबॉल खेळत. खेळ थांबल्यावरही ते मैदानावरच राहिले. मात्र आता रेषेबाहेर उभे राहून मुलांना शिकवू लागले.

तुम्हांला वाटेल, यात अवघड ते काय? ज्याला खेळता येते, त्याला शिकवताही येईल! तसे नाही. गणित येणे वेगळे आणि गणित शिकवता येणे वेगळे. म्हणून तर शिक्षकाला बी.एड. करावे लागते. चांगल्या खेळाडूच्या पायांना पास कसा द्यायचा हे ठाऊक असते. पण समोरच्या मुलाने "सर, कसे?" असे विचारले, की तीच गोष्ट लहान लहान पायऱ्यांत फोडून सांगावी लागते.

यासाठी प्रशिक्षकालाही परीक्षा द्याव्या लागतात. भारतात 'डी' परवान्यापासून सुरुवात होते. मग 'सी', 'बी', 'ए' आणि शेवटी 'प्रो' अशा पायऱ्या चढाव्या लागतात. काल ज्याच्यासाठी लोक टाळ्या वाजवत होते, तो खेळाडू आज वही-पेन घेऊन बाकावर बसतो आणि परीक्षकांसमोर सराव घेऊन दाखवतो.

मुलांना कसे शिकवावे, हे तो तेथे शिकतो. मोठ्यांच्या खेळात पाच नंबरचा चेंडू असतो. त्याचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा, म्हणजे त्याहून लहान चेंडू देतात. त्यांचे मैदान लहान ठेवतात आणि खेळाडूही कमी घेतात. त्यामुळे प्रत्येकाच्या पायाशी चेंडू पुन्हा पुन्हा येतो आणि कोणी नुसते उभे राहत नाही.

फर्नांडिस यांच्याकडे भारताच्या किशोर संघाची जबाबदारी आली. २०१७ मध्ये त्यांच्या संघाने नेपाळमध्ये दक्षिण आशियाई देशांची पंधरा वर्षांखालील स्पर्धा जिंकली. २०१८ मध्ये मलेशियात सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धा झाली. भारताने व्हिएतनामला हरवले, इराण आणि इंडोनेशिया यांच्याशी बरोबरी केली. तीन सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही! उपांत्यपूर्व फेरीत समोर दक्षिण कोरिया होता. तो सामना जिंकला असता, तर भारत विश्वचषकात गेला असता. पण कोरियाने एक गोल केला आणि भारत हरला.

२०१९ मध्ये नव्या मुलांनी आशियाई स्पर्धेची पात्रता मिळवली. पण कोरोनाच्या साथीमुळे ती स्पर्धाच रद्द झाली. मुलांची वये वाढली आणि त्यांची संधी गेली.

किशोर संघाच्या प्रशिक्षकाचे काम असेच असते. तयार झालेली मुले दोन वर्षांत पुढे निघून जातात. शिक्षक दर जूनमध्ये नव्या वर्गाला पहिला धडा शिकवतात, तसा तोही नव्या मुलांबरोबर पहिल्यापासून सुरुवात करतो. फर्नांडिस यांनी तेच केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या सतरा वर्षांखालील संघाने एका गोलाने मागे असताना बलाढ्य इराणला २-१ असे हरवले आणि आशियाई स्पर्धेत स्थान मिळवले. हा सामना अहमदाबादला झाला. आपल्या नाक्यावरचा महामार्ग जातो, त्याच अहमदाबादला!

मुंबईच्या मैदानांवरही असे उदाहरण आहे. खालिद जमील एअर इंडिया आणि महिंद्र युनायटेड या संघांकडून खेळले. २००९ मध्ये ते मुंबई एफसी या क्लबाचे प्रशिक्षक झाले. २०१७ मध्ये त्यांनी मिझोरमच्या ऐझॉल या लहानशा क्लबाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड झाली.

मुलांनो, फुटबॉल जरूर खेळा. पण दप्तर कोपऱ्यात फेकून खेळू नका. खेळ थांबल्यावर पुढची वाट वही-पुस्तकातूनच जाते. आणि आज संध्याकाळी खेळताना धाकट्या भावालाही संघात घ्या. त्याला पास कसा द्यायचा, हे समजावून सांगा. शिकवणे किती कठीण असते आणि त्यात किती आनंद असतो, हे तुम्हांला लगेच कळेल.

शब्दार्थ
गाठीशी असणे – जवळ साठवलेले असणे
परवाना – काम करण्याची लेखी परवानगी
किशोर – बारा ते अठरा वर्षांचा मुलगा
बलाढ्य – फार ताकदवान

स्वाध्याय
१. फुटबॉलपटूचा खेळ लवकर का थांबतो?
२. लहान मुलांसाठी मैदान लहान का ठेवतात?
३. लेखकाने प्रशिक्षकाची तुलना शिक्षकाशी का केली आहे?
४. तुम्हांला येणारा एखादा खेळ लहान मुलाला कसा शिकवाल? पाच वाक्ये लिहा.