रग्बीवीर जोना लोमू आणि मित्राने दिलेले दान

आपल्या बेटावरच्या मराठी घरांत खेळाच्या गप्पा निघाल्या की त्या बहुधा फुटबॉलच्या असतात. रग्बी हा खेळ आपल्यापैकी थोड्याच जणांच्या परिचयाचा. तरीही आज आम्ही वाचकांपुढे एका रग्बीपटूची जीवनकथा ठेवीत आहोत. समुद्र ओलांडून परक्या देशात आलेल्या एका बेटकरी कुटुंबाच्या मुलाची ही कथा आहे, आणि अशी कुटुंबे कशी असतात हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

प्रथम खेळाची थोडी ओळख. रग्बी युनियनमध्ये प्रत्येक बाजूला १५ गडी असतात आणि सामना ८० मिनिटांचा असतो. चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा. तो हातात धरून पळायचे. साथीदाराकडे फेकायचा तर बाजूला किंवा मागे, पुढे नाही. प्रतिपक्षाच्या अखेरच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवला की ‘ट्राय’ होतो आणि ५ गुण मिळतात. वाटेत प्रतिपक्षाचे गडी कमरेला, पायांना मिठी घालून पाडू पाहतात. ज्यांनी कबड्डी पाहिली आहे त्यांना हे सहज कळेल. चौघांनी धरलेला चढाईवीर त्यांना ओढत ओढत मध्यरेषेला हात लावतो, तसाच काहीसा हा प्रकार. फक्त मैदान शंभर मीटर लांबीचे.

जोना लोमूचा जन्म १२ मे १९७५ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झाला. आईवडील पॅसिफिक महासागरातील टोंगा बेटांचे. लहानपणाची काही वर्षे तो टोंगातच मावशीकडे वाढला आणि मग ऑकलंडच्या दक्षिण भागात आईवडिलांकडे परतला. ती वस्ती कष्टकऱ्यांची. रस्त्यावर टोळ्यांची मारामारी, आणि घरात वडिलांचा मार. मुलगा वाया जाईल या भीतीने आईने त्याला वेस्ली कॉलेज या वसतिगृहाच्या शाळेत घातले. तेथे त्याच्या अंगातील रग मैदानाकडे वळली. उंची सहा फूट पाच इंच, वजन पुढे सुमारे १२० किलो, आणि एवढा देह घेऊन तो शंभर मीटर सुमारे ११ सेकंदांत पळे! शाळेत तो पुढच्या फळीत खेळत असे. राष्ट्रीय संघाने मात्र त्याला कडेने धावणाऱ्या विंगरची जागा दिली.

२६ जून १९९४ रोजी ख्राइस्टचर्च येथे फ्रान्सविरुद्ध तो ‘ऑल ब्लॅक्स’ या न्यूझीलंडच्या संघातून पहिली कसोटी खेळला. वय १९ वर्षे ४५ दिवस. इतक्या लहान वयात त्या संघाकडून तोवर कुणीही कसोटी खेळले नव्हते. पण फ्रान्सने दोन्ही सामने जिंकले, नवख्या विंगरच्या चुका उघड्या पडल्या आणि तो संघाबाहेर गेला. त्याच्या दमसासाविषयीही शंका घेतली जाऊ लागली. पुढच्या वर्षी विश्वचषकाच्या संघात त्याची निवड झाली तीही मोठ्या घासाघिशीनंतर.

ती १९९५ ची स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत झाली. वर्णभेदाची राजवट संपल्यानंतर त्या देशातला हा पहिलाच रग्बी विश्वचषक. १८ जून रोजी केपटाऊनच्या न्यूलँड्स मैदानावर उपांत्य सामना इंग्लंडशी होता. सुरुवातीच्या काही मिनिटांतच चेंडू लोमूच्या हाती आला. एकाला त्याने बाहेरून चकवले, दुसरा मागून पायाला झोंबला तेव्हा तो थोडा अडखळला, आणि समोर उभा राहिलेल्या माइक कॅट या खेळाडूला तर सरळ तुडवून तो रेषेपार गेला. त्या दिवशी त्याने चार ट्राय केले. न्यूझीलंडने सामना ४५-२९ असा जिंकला, आणि वीस वर्षांच्या त्या पोराचे नाव जगभर पोहोचले.

अंतिम सामन्यात मात्र दक्षिण आफ्रिकेच्या गड्यांनी त्याला एकदाही मोकळे सोडले नाही. एक पडला तर दुसरा, दुसरा पडला तर तिसरा आडवा येई. जादा वेळेत यजमान १५-१२ असे जिंकले आणि नेल्सन मंडेला यांच्या हस्ते त्यांना चषक मिळाला. लोमू साऱ्या कारकिर्दीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकही ट्राय करू शकला नाही. एकजुटीपुढे एकट्याचे बळ किती पुरते, हे त्यावरून ध्यानात यावे.

त्याच वर्षाच्या अखेरीस वैद्यकीय तपासणीत कळले की त्याच्या मूत्रपिंडांना ‘नेफ्रोटिक सिंड्रोम’ नावाचा गंभीर आजार जडला आहे. या आजारात रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जातात, अंगाला सूज येते, थकवा पाठ सोडत नाही. ज्याच्या अंगात तीन गड्यांचे बळ आहे असे लोक म्हणत, तो मुलगा आतून पोखरला जात होता. आमच्या मनात येते, दमसासाबद्दल ज्यांनी त्याला बोल लावले त्यांना हे आधी ठाऊक असते तर?

१९९७ मध्ये उपचारांसाठी त्याला बराच काळ खेळापासून दूर राहावे लागले. पण तो परतला. १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सात गड्यांच्या रग्बीत त्याने सुवर्णपदक मिळवले. १९९९ च्या विश्वचषकात आठ ट्राय केले. दोन विश्वचषकांत मिळून झालेल्या १५ ट्रायच्या त्याच्या विक्रमाशी २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने बरोबरी केली. जुलै २००० मध्ये सिडनी येथे एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी सीमारेषेच्या कडेकडेने धावत त्याने विजयी ट्राय केला. नोव्हेंबर २००२ मध्ये कार्डिफ येथे वेल्सविरुद्ध तो शेवटची कसोटी खेळला. एकूण ६३ कसोट्या आणि ३७ ट्राय.

२००३ मध्ये मूत्रपिंडे निकामी होत आली. आठवड्यातून तीन वेळा यंत्रावर रक्तशुद्धी करावी लागे. पायांच्या नसा दुबळ्या झाल्या. इंग्लंडच्या संघाला भेदून गेलेल्या गड्याला धड चालणेही अवघड होऊ लागले. अशा वेळी वेलिंग्टनचा रेडिओ निवेदक असलेला त्याचा मित्र ग्रँट केरेआमा पुढे आला आणि त्याने आपले एक मूत्रपिंड देऊ केले. २८ जुलै २००४ रोजी ऑकलंड येथे शस्त्रक्रिया झाली. नात्याचे रक्त नाही, मोबदल्याची अपेक्षा नाही. आपल्याकडे कर्णाचे दातृत्व मोठे मानतात. त्याने अंगची कवचकुंडले उतरवून दिली. या मित्राचे दान आम्हांला त्याच जातीचे वाटते.

त्यानंतर लोमू पुन्हा मैदानावर उतरला. २००५-०६ च्या हंगामात तो कार्डिफच्या संघातून खेळला, मग मायदेशी परतला. राष्ट्रीय संघात पुन्हा जागा मिळावी ही त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाही. २०११ च्या सुमारास मित्राने दिलेल्या मूत्रपिंडानेही साथ सोडली आणि यंत्र पुन्हा मागे लागले. घरी दोन लहान मुलगे होते. त्यांची एकविसावी वर्षे पाहता यावीत, एवढीच आस त्याने २०१५ मध्ये बोलून दाखवली होती. १८ नोव्हेंबर २०१५ रोजी ऑकलंड येथे वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. तेव्हा थोरला मुलगा सहा वर्षांचा होता.

वाचकहो, मूत्रपिंडाचे दुखणे म्हणजे काय हे आपल्या बेटावर पुस्तकातून शिकावे लागत नाही. लोमूचा आजार निराळा होता. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब हेच बहुधा त्याचे मूळ असते. यंत्रावर जाण्यासाठी पहाटे घर सोडणारा कुणी ना कुणी आपल्या आप्तांत किंवा शेजारी असतोच. दुखणे आरंभी बोलत नाही आणि धडधाकट शरीर पाहून घरचेही फसतात. म्हणून रक्ताची, लघवीची तपासणी वेळेवर करून घ्यावी, आणि घरातला तरुण वारंवार थकतो असे दिसले तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्यावे. अवयवदानाचा विषयही घरात, वडीलधाऱ्यांसमक्ष, एकदा मोकळेपणाने बोलला जावा. केरेआमासारखा मित्र प्रत्येकाला लाभेलच असे नाही. पण आपण कुणाचे तरी तसे मित्र होऊ शकतो.