गोळी गर्भ पाडते का?

गटाच्या बैठकीत हा प्रश्न दबक्या आवाजात निघतोच: माला-एन घेणं म्हणजे दर महिन्याला जीव मारणं का? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पाकिटात 28 गोळ्या असतात, 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. हार्मोनमुळे मुख्यतः स्त्रीबीज बाहेरच पडत नाही. शिवाय गर्भपिशवीच्या तोंडाशी स्राव घट्ट होऊन शुक्रजंतू अडतात. बीजच नाही, तर गर्भ कुठला?

वाद आहे तो पुढे. गोळीने पिशवीचं अस्तर पातळ होतं. एखादं बीज निसटून फळलंच, तर ते रुजणार नाही, अशी शंका काहीजण घेतात. तसं घडतं हे सिद्ध झालेलं नाही. डॉक्टर गरोदरपण रुजण्यापासून धरतात. फळल्यापासूनच जीव मानणाऱ्या बाईचं तेवढ्याने समाधान होत नाही, हेही आम्ही समजू शकतो.

72 तासांच्या आतली गोळी बीज बाहेर पडणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्याच, त्या डॉक्टरांकडूनच घ्यायच्या. बोलताना दोन्ही नुसत्या ‘ती गोळी’, आणि घोळ होतो तिथेच!

तरीही मन घेत नसेल, तर निरोध आहेच. आशाताईंना विचारा.