सव्वीस लाखांतून दहा : कर्करोगाच्या जनुकवाचनाची पंचवीस वर्षे

कर्करोगाच्या उपचारांत २००१ हे साल दोन घटनांमुळे महत्त्वाचे ठरले. फेब्रुवारीत मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला आणि मे महिन्यात अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला परवानगी मिळाली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून एक बिघडलेले प्रथिन तयार होते आणि पेशी बेसुमार वाढू लागतात. इमॅटिनिब नेमके त्याच प्रथिनाला अडवते. प्रत्येक रुग्णाची गाठ वाचावी, तिच्यातला बिघाड हुडकावा आणि त्यावर बेतलेले औषध द्यावे, ही आशा तेव्हा जोर धरू लागली. त्याला आता पाव शतक लोटले.

इमॅटिनिबच्या बाबतीत बिघाड आधीच सापडलेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली विचित्र दिसणारे ते गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात आढळले होते आणि त्यामागची अदलाबदल १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी ओळखली होती. बहुतेक कर्करोगांत मात्र बिघाड असे डोळ्यांना दिसत नाहीत. ते जनुकसंचाच्या तीन अब्ज अक्षरांच्या मजकुरात विखुरलेले असतात, आणि एवढा मजकूर एकदा वाचायला २००१ मध्ये सुमारे १० कोटी डॉलर लागत. २०१५ च्या अखेरीस हा खर्च दीड हजार डॉलरांच्या खाली आला. वाचणे स्वस्त झाले, तसा वाचलेल्याचा अर्थ लावण्याचा प्रश्न पुढे आला. तिथे संगणकाचे काम सुरू होते.

हे काम किती अवघड आहे, ते २००८ मध्ये दिसले. अमेरिकेतल्या सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात टिमथी ली, इलेन मार्डिस आणि रिचर्ड विल्सन यांच्या गटाने पन्नाशीतल्या एका स्त्रीच्या रक्ताच्या कर्करोगाचा अख्खा जनुकसंच वाचला. जोडीला तिच्या निरोगी त्वचेचाही वाचला. कर्करोगाच्या पेशींत प्रमाण जनुकसंचाहून वेगळी अशी २६ लाखांहून अधिक अक्षरे सापडली. पण त्यांतली ९७ टक्क्यांहून जास्त तिच्या त्वचेतही होती, म्हणजे ती जन्मजात होती. जन्मजात फरक आणि यंत्राच्या चुका गाळत गाळत शेवटी हाती लागले अवघे दहा जनुकांतले बिघाड. त्यांतले दोन आधी माहीत होते, आठ नवे. सव्वीस लाखांतून दहा वेचणे, हेच या शास्त्राचे मुख्य काम आहे.

पुढच्या दोन-तीन वर्षांत या कामाची साधने तयार झाली. यंत्र जनुकसंच सलग वाचत नाही. शंभर-दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे ते बाहेर टाकते. हे तुकडे जागच्या जागी बसवणारी बीडब्ल्यूए ही प्रणाली २००९ मध्ये आणि फरक ओळखणारी जीएटीके ही प्रणाली २०१० मध्ये आली. दोन्ही संशोधकांना मोफत मिळाल्या, म्हणून जगभरातल्या प्रयोगशाळांना त्या वापरता आल्या.

दरम्यान २००६ मध्ये अमेरिकेत ‘कॅन्सर जीनोम ॲटलास’चे काम सुरू झाले होते. २०१८ मध्ये ते संपले तेव्हा ३३ प्रकारच्या कर्करोगांच्या ११ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती सर्वांसाठी उपलब्ध झाली होती. गाठ कोणत्या अवयवात आहे याइतकेच तिच्यात कोणता बिघाड आहे हेही महत्त्वाचे, हे अशा अभ्यासांतून ठसत गेले. २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत अवयव न पाहता, गाठीच्या जनुकीय खुणेवरून देण्याची परवानगी मिळाली. मात्र या ॲटलासमधले बहुसंख्य रुग्ण युरोपीय वंशाचे होते.

आपली गोष्ट इथून सुरू होते. २००८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुक संघात भारताने तोंडाचा कर्करोग निवडला. तंबाखू आणि गुटखा गालात धरून ठेवणाऱ्या देशात निवड हीच व्हायला हवी होती. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचे ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र यांनी मिळून ११० रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. गाल आणि हिरडीच्या कर्करोगात वारंवार बिघडणारी, आधी न नोंदलेली काही जनुके त्यातून पुढे आली.

त्याहून मोलाचे काम २०१६ मध्ये खारघरलाच झाले. गाठीसोबत रुग्णाच्या निरोगी पेशींचा नमुना दर वेळी मिळतोच असे नाही. मग जन्मजात फरक गाळायचे कसे? जन्मजात फरकांच्या जागतिक यादीशी ताडून. पण त्या यादीत भारतीय माणसे कमी असतील, तर आपल्याकडचा निरुपद्रवी जन्मजात फरकही कर्करोगाचा बिघाड म्हणून रिपोर्टात उमटतो. अमित दत्त यांच्या गटाने टाटामधल्या भारतीय रुग्णांच्या ६२ निरोगी नमुन्यांतून १,१४,३०९ जन्मजात फरकांची यादी केली आणि ती सर्वांना खुली केली. जोडीचा निरोगी नमुना नसलेल्या जिभेच्या कर्करोगाच्या नमुन्यांवर ती लावली, तेव्हा जागतिक यादीतून सुटलेले ४२ टक्के ‘बिघाड’ खोटे निघाले. पित्ताशयाच्या कर्करोगात हे प्रमाण ३३ टक्के, गर्भाशयमुखाच्या कर्करोगात २८ टक्के होते. उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरसमोर असा खोटा बिघाड येणे म्हणजे रुग्णाचा पैसा आणि हातातला वेळ दोन्ही वाया जाण्याची भीती.

म्हणून स्वतःची आकडेवारी हवीच. टाटामध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ९०७ रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा २३ टक्क्यांत ईजीएफआर जनुकातला बिघाड आढळला. पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा हे प्रमाण जास्त, पूर्व आशियाई रुग्णांपेक्षा कमी. ज्यांच्यात हा बिघाड आहे त्यांना केमोऐवजी त्या बिघाडावर बेतलेल्या गोळीने सुरुवात करता येते.

या पंचवीस वर्षांनी मर्यादाही दाखवून दिल्या. फ्रान्समधल्या ‘शिवा’ या चाचणीत गाठीचे जनुक पाहून निवडलेल्या औषधाने रोग साधारण २.३ महिने थांबला, नेहमीच्या उपचारांनी २ महिने. फरक जवळजवळ नाहीच. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्राने २०१७ मध्ये दहा हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला. ३७ टक्क्यांत औषधाशी जोडता येईल असा निदान एक बिघाड मिळाला, पण त्यानुसार औषधाच्या चाचणीत जाऊ शकले ११ टक्केच. बिघाड सापडणे आणि त्यावरचे औषध हाती पडणे यांत मोठे अंतर आहे. भारतात ते अंतर पैशाचेही आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा ग्लिवेक, म्हणजे इमॅटिनिबच्या पेटंटचा दावा फेटाळला. भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात टिकली, म्हणूनच २००१ चे ते औषध इथल्या सामान्य रुग्णापर्यंत पोचू शकले.

मागे वळून पाहता निष्कर्ष स्पष्ट आहे. यंत्रे आणि प्रणाली आल्या. उणीव आहे ती आपल्या माणसांच्या नोंदींची आणि परवडणाऱ्या औषधांची. औषधांच्या किमतींवर सरकारने काम करायला हवे. नोंदींसाठी मात्र आपलाही हातभार लागतो. घरात कुणाला कर्करोग झाला, तर बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा, जपून ठेवा, जनुकतपासणीत गाठीबरोबर रक्ताचा नमुनाही घेतला जातो का ते डॉक्टरांना विचारा, आणि संशोधनासाठी संमती मागितली तर नीट समजून घेऊन ती द्या. पुढच्या रुग्णाचा रिपोर्ट अचूक येण्यासाठी त्या नोंदीची गरज आहे.